कॅनडाचे पाहुणे

पाहुणे येणार हे पक्कं झालं तेव्हा आईच्या मनात पहिला विचार आला तो संडासाचा. तो आमच्या घरी नव्हता. बाबा गावचे पाळक, म्हणून प्रार्थनाघराच्या मागे मिशनच्या दोन खोल्या, पुढे कवेलूंच्या छपराची पडवी, एका अंगाला न्हाणी आणि कुंपणापलीकडे गंगाबाईंचा गोठा, असा आमचा पसारा. गाव वरठीच्या स्टेशनाजवळचं, त्यामुळे दिवसभर मालगाड्यांचा आवाज यायचा आणि पोलादाच्या कारखान्याची पाळी सुटली की सायकलींच्या घंट्यांचा. भंडाऱ्याचे वरिष्ठ पाळक स्कूटरवरून आले, पडवीत चहा प्यायले आणि म्हणाले, "योहान, कॅनडातून एक पाळक अन् त्यांची बायको येऊन राहिले. खेड्यातल्या पाळकांना धीर द्यावा, चार गोष्टी शिकवाव्या म्हणून येतात. ते तुझ्याकडं राहतील. हॉटेलात नको म्हणाले." बाबांनी फक्त मान हलवली. आईनं पदर खोचला आणि स्कूटर नजरेआड व्हायच्या आत बाबांना म्हणाली, "लोटा घेऊन बोडीवर धाडू का मी गोऱ्या बाईले? आजच खड्डा खना."

तो खड्डा खणला, भिंती उभ्या झाल्या, वर पत्रा आला, आणि आमच्या आळीतला पहिला संडास आमचा झाला. गंगाबाई रोज येऊन बघून जायच्या. त्या आमच्या शेजारीण, धानाची मोठी शेती असलेल्या घरातल्या, आणि त्यांच्या घरचा गणपती आमच्या पडवीतल्या खुर्च्यांवाचून कधी बसला नाही. त्यांनी पाहुण्यांसाठी शिसवी पलंग पाठवला, मच्छरदाणी पाठवली आणि वर घरचा सुवासिक चिन्नोर तांदूळ. "गोऱ्या लोकाईले तिखट चालत नाई म्हणते," त्या आईला म्हणाल्या. "मंग का पानी पाजू जेवनात?" आई म्हणाली. दोघी हसल्या. घरात त्या दिवसांत हसणं तेवढंच होतं, आणि ते बाबांपर्यंत पोचत नव्हतं.

बाबा आधी असे नव्हते. पहाटे उठून ते मोठ्यानं प्रार्थना करत, इतक्या मोठ्यानं की गंगाबाई त्यांच्या 'आमेन'वर गाय दोहायला बसत. त्या प्रार्थनेत गावातली सगळी दुखणी यायची, कोणाचा दमा, कोणाची अडलेली म्हैस, माझी परीक्षा. सायकलवर ते आजूबाजूची गावं फिरत, आणि ख्रिस्ती असो नसो, कोणाच्याही आजाऱ्याजवळ बसत. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर हे सगळं हळूहळू बंद पडलं. रविवारी ते पुस्तकातली प्रार्थना वाचून दाखवत. "पास्तरबाबाचा घसा बसला का जी?" असं गंगाबाईंनी एकदा विचारलं तेव्हा आई म्हणाली, "हो, सर्दी हाय." ती सर्दी दिवाळी गेली तरी उतरली नाही. माझा मामा कारखान्यात होता. त्यानं बाबांसाठी स्टोअरमध्ये शब्द टाकला होता आणि बाबा नाही म्हणाले नव्हते. पाहुणे गेले की काम सोडायचं, म्हणजे हे घरही सोडायचं, एवढं आईला माहीत होतं. मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. खोल्या लहान होत्या, त्यामुळे मला ते ऐकू आलं होतं.

मी तेव्हा भंडाऱ्याच्या कॉलेजात होते. इंग्रजी येणारी घरात मी एकटी, म्हणून दुभाषी मीच. पण माझं इंग्रजी बाबांकडच्या जुन्या इंग्रजी बायबलावर वाढलेलं. वरठीच्या फलाटावर वॉल्टरसाहेब आणि एलिनॉरबाई उतरले, दोघंही आमच्या बाबांपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, पांढऱ्या केसांचे, उन्हानं लाल झालेले. घरी आल्यावर मी मोठ्या अदबीनं विचारलं, "विल्ट दाऊ टेक टी?" एलिनॉरबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तितक्याच अदबीनं उत्तर दिलं, "येस, आय विल, अँड आय थँक दी." मला वाटलं मी बरोबर बोलले. असं इंग्रजी आता फक्त जुन्या बायबलातच उरलंय, हे पुढे कळलं. पुढे आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि त्या बाईंनी तिथल्या तिथे हसून माझा पाणउतारा केला नाही, ही गोष्ट वर्गात उभी राहिल्यावर कितीदा तरी आठवली.

त्यांना सगळं चालत होतं. लाखोळीची डाळ चालली, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी चालली, बोडीतली म्हणजे गावतळ्यातली मासळी चालली. वॉल्टरसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते आणखी रस्सा मागायचे. आई एलिनॉरबाईंशी मराठीत बोलायची, त्या आईशी इंग्रजीत, आणि मी मध्ये पडले की दोघी मला हातानं गप्प करायच्या. वाल सोलताना त्यांचं काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. पण एका दुपारी आई डोळे पुसत आत आली आणि म्हणाली, "ह्या बाईले लेकरूबाळ नाई." कसं कळलं म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "त्यात का भासा लागते?"

पाळकांची सभा प्रार्थनाघराशेजारच्या मांडवात होती. साकोलीचे म्हातारे पाळक बसनं आले होते, तुमसरचे दोघे, पवनीचे एक, आणखी काही जण. बहुतेक सगळे शेतात किंवा मजुरीला जाऊन उरलेल्या वेळात पाळकपण करणारे. मागं चुलीवर आई आणि गंगाबाई भाताचा मोठा गंज उतरवत होत्या. वॉल्टरसाहेबांनी शिकवण्याआधी प्रत्येकाला विचारलं, काम कसं चाललंय, मनापासून सांगा. एकेक जण उठला आणि प्रत्येकानं तेच सांगितलं, देवाच्या कृपेनं बरं चाललंय. मला भाषांतर सोपं गेलं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं होतं. शेवटी बाबा उठले.

"माझं बरं चाललं नाई," ते म्हणाले. "मी प्रार्थना करनं सोडलं हाय. ओठ हलवतो, आत काईच नसते. पावसाळ्यात नदीपल्याड करडी गावाकडं एका टोलीवर पोरगी बिमार होती. तिच्या मायले मी देवाच्या नावानं सांगतलं, उठते तुमची पोरगी, चिंता नोका करू. संध्याकाळी पोरगी गेली. तवापासून मी त्या घरी गेलो नाई. कोनत्याच बिमार मानसापाशी मले बसवत नाई. पाहुने गेले का मी हे काम सोडून कारखान्यात जातो. तुमी एवढ्या दुरून आले, तुमाले खोटं सांगून तुमच्या पंगतीत बसनं मले जमत नाई."

मांडवात सगळ्यांना ते कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त त्या दोघांना, आणि ते दोघं माझ्याकडे बघत होते. मागं चुलीजवळ झाऱ्याचा आवाज थांबला. दुभाष्यानं समोरच्याचं बोलणं 'मी' म्हणून सांगायचं असतं, ते मला आदल्याच दिवशी वॉल्टरसाहेबांनी शिकवलं होतं. बाबा माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "सांग बाई. जसं बोललो तसंच सांग." मग मी सांगितलं. मी प्रार्थना करणं सोडलं आहे. मी त्या घरी गेलो नाही. माझ्या तोंडून बाबांचा 'मी' बाहेर पडत होता, आणि मी सतरा-अठरा वर्षांची पोरगी, मला एकाएकी माझ्या बापाचं वय आतून कळलं. इतक्या वर्षांनी लिहितानाही त्या वाक्यांपाशी माझी लेखणी थांबते.

वॉल्टरसाहेबांनी घसा साफ केला. त्यांच्याकडे उत्तर तयार असावं, त्यांचा हात पुस्तकाच्या खुणेकडे गेलाही होता. एलिनॉरबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला. ते थांबले. मग बाईंनी मला बाबांना विचारायला सांगितलं, "त्या मुलीचं नाव काय होतं?"

"चंदा," बाबा म्हणाले.

"तिची आई कशी आहे आता?"

"मले मालूम नाई."

साकोलीचे म्हातारे पाळक बसल्या जागेवरून म्हणाले, "योहान, माझंबी दोन साल असंच चाललं होतं रे. मी कोनाजवळ बोललो नाई." एवढं बोलून ते रुमालानं नाक पुसत बसले. एलिनॉरबाई नवऱ्याशी काहीतरी कुजबुजल्या, आणि वॉल्टरसाहेब उठून म्हणाले की आज शिकवणं राहू दे, उद्याचंही नको. उद्या जमलं तर आपण चंदाच्या आईकडे जाऊ. आम्ही सोबत येऊ, घरात येणार नाही, बाहेर बसू. एकट्यानं जावं लागू नये, एवढ्यासाठी.

त्या दुपारी पंगत उठल्यावर आई भांडी घासता घासता बाबांना म्हणाली, "मले पाव्हन्याईसोबत कळलं, तुमच्या मनात का हाय ते. मले काहून नाई सांगतलं?"

"तू देवाले दोस दिला असता," बाबा म्हणाले.

"तुमाले दिला असता. अन् मंग ताट वाढलं असतं."

सकाळी गंगाबाईंच्या घरची रेंगी निघाली. रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. आता तिकडे पूल आहेत, डांबरी रस्ते आहेत, माझा भाचा करडीला मोटारसायकलवरून जाऊन जेवायला परत येतो. तेव्हा आम्ही गाडीवाटेनं हेलकावे खात वैनगंगेच्या घाटावर आलो आणि डोंग्यातून पलीकडे गेलो. हिवाळ्यात नदी शांत असते. डोंगेवाल्यानं बाबांना ओळखलं. "लय दिवसानं आले जी पास्तरबाबा," तो म्हणाला. पावसाळ्यात ह्याच घाटावर पाणी चढलं म्हणून डोंगा बंद होता, आणि चंदाचा बाप देवराम जीपसाठी फिरून फिरून थकला होता, हे बाबांनी मला नदीच्या मध्यावर सांगितलं. पाहुण्यांसाठी नव्हे, माझ्यासाठी सांगितलं. बाबा फिरस्तीवर तिकडे होते म्हणून अडकले आणि मुलीजवळ बसले होते. पलीकडे धान कापलेल्या बांध्यांमधून लाखोळीची निळी फुलं उमलली होती. वॉल्टरसाहेब दर थोड्या वेळानं थांबून बघत. ते म्हणाले, आमच्याकडे आत्ता कमरेइतकं बर्फ असेल.

टोली म्हणजे वस्ती, चार-पाच घरांची. चंदाची आई यमुनाबाई अंगणात सुपानं धान पाखडत होती. ती शेतकरी घरातली बाई, बाबांच्या प्रार्थनाघरात कधी आलेली नव्हती, दुखण्यात मात्र त्यांना बोलावणं धाडायची. गोरी माणसं बघून पोरं धावली. एलिनॉरबाई ठरल्याप्रमाणे बाहेरच थांबल्या, कडुनिंबाखाली बसल्या, आणि पोरांनी त्यांना वेढलं. वॉल्टरसाहेबही बसले. मी बाबांच्या मागे अंगणात गेले.

यमुनाबाईनं सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला. "या पास्तरबाबा. किती दिस लावले जी."

बाबा उभेच राहिले. "यमुनाबाई, मी तुमाले खोटं बोललो. उठते म्हनलो होतो."

"ते जाऊ द्या जी. तुमी का देव हाव?" ती म्हणाली, आणि तिनं बाज ओढून पुढे केली. "बसा. मी तुमची वाट पाऊन राहिली एवढे दिवस. तुमी तसं म्हनले, अन् मंग मीच तापानं पडली, मले काई सुध नव्हती. घरधनी गाडीसाठी फिरत होते. पोरीजवळ तुमीच होते. दुसरं कोनी नव्हतं. मले एवढंच सांगा, ती काई बोलली का? हरेक बाजाराले मी ह्यायले म्हनते, पास्तरबाबा भेटले तं इचारजा. ते भेटलेच नाई."

बाबा बसले. मी त्यांचा चेहरा बाजूनं बघत होते. त्यांना वाटलं होतं तिथं शिव्या मिळतील, नाहीतर रडणं. आपल्याजवळ त्या बाईला हवं असं काही आहे हे त्यांच्या डोक्यातही आलेलं नव्हतं.

"बोलली," ते म्हणाले. "लय बोलली. बकरीचं पिल्लू बाहेर होतं, ते आत घ्या म्हनली, पानी येऊन राहिलं म्हनली. मी घेतलं. मंग म्हनली, त्याले माझ्या खाटंखाली ठेवा. तेबी ठेवलं."

"हो, ते खाटंखालीच होतं," यमुनाबाई म्हणाली. "मी म्हनत होती, तेथं कसं गेलं."

"मंग गानं म्हना म्हनली. मी आमचं भजन म्हनलं. तं म्हनते, तुमचा आवाज बेंडकावानी हाय."

यमुनाबाईच्या तोंडून हसू निघालं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. "असीच होती ती. असीच बोले."

"हसली तिची तीच," बाबा म्हणाले. "मंग मले इचारलं, तुमाले बोरीवर चढता येते का. मी नाई म्हनलो. तं म्हनते, मी शिकवीन."

"अन् मले? मले काई म्हनली का?"

"शेवटी मी म्हनलो, तुया मायले बोलावतो. मी उठलोबी. तं माझा हात धरला. म्हनली, मायले उठवू नोका. ते थकली हाय. ताप उतरला का मंग सांगजा, मी बरी हाव म्हना."

यमुनाबाईनं ते स्वतःशी म्हणून बघितलं. "उठवू नोका म्हनली. थकली हाय म्हनली." ती पदरात तोंड घालून बराच वेळ बसली. बाबाही बसून राहिले. ते रडत होते, आणि डोळे पुसायलाही हात वर गेला नाही. बाहेर पोरं एलिनॉरबाईंना बोरं खायला शिकवत होती, त्यांचा गलका येत होता. कोणी कोणाला गप्प करायला गेलं नाही.

शेवटी यमुनाबाई म्हणाली, "तुमच्या देवाजवळ तिचं नाव घ्या जी. मले चालते." बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना ते जमणार नाही. मग ते हळूच बोलले, "प्रभू, चंदा. ती हसली, ते मी पाहिलं. तिच्या मायवर तिचा लय जीव होता." पुढे काहीतरी म्हणायचं असावं, पण तेवढ्यावरच त्यांनी आमेन म्हटलं. तिनंही म्हटलं, कारण तेवढं तिला येत होतं. मग ती उठली आणि पाहुण्यांना उपाशी जाऊ देणार नाही म्हणाली. भात, डाळ, चुलीत भाजलेली वांगी. वॉल्टरसाहेब कडुनिंबाखाली मांडी घालून जेवले. तिथं काय झालं ते त्यांनी मला विचारलं नाही. परतताना डोंग्यात बसल्यावर मी आपण होऊन सांगितलं, आणि एलिनॉरबाई पाण्याकडे तोंड करून ऐकत राहिल्या.

मामाला निरोप गेला की स्टोअरची जागा दुसऱ्याला द्या. मामा रागावला, बरेच दिवस आमच्याकडे आला नाही. बाबा आणखी पुष्कळ वर्षं त्याच दोन खोल्यांत राहिले आणि त्याच सायकलीवर फिरले. पण त्या हिवाळ्यानंतर मी त्यांना कोणाही आजाऱ्याच्या घरी 'उठते', 'बरं होईल' असं म्हणताना ऐकलं नाही. "मी बसतो," एवढंच म्हणत, आणि बसत. वॉल्टरसाहेबांची शिकवणीची पानं होती तशीच त्यांच्या बॅगेत परत गेली. त्यांच्या चर्चनं त्यांना कशासाठी पाठवलं होतं आणि परत गेल्यावर त्यांनी तिथं काय सांगितलं असेल, हा प्रश्न मला आता पडतो. तेव्हा पडला नव्हता.

ते गेले त्या दिवशी आम्ही सगळे वरठीच्या फलाटावर होतो. आई एलिनॉरबाईंचा हात हातात घेऊन बाकावर बसली होती. गाडी उशिरा होती. वॉल्टरसाहेब बाबांना थोडं बाजूला घेऊन गेले आणि मला बोलावलं. ते म्हणाले, आमचं चर्च आता म्हाताऱ्यांचं राहिलं आहे, पोरं शहरात गेली. मी परत गेलो की काही महिन्यांनी ते बंद करायचं आहे आणि शेवटची उपासना मला घ्यायची आहे. इथं आलो ते थोडंफार त्यापासून दूर पळण्यासाठी आलो. हे मी आमच्या कोणाला बोललेलो नाही. पास्टर योहानला सांग, माझ्यासाठी प्रार्थना करायला.

मी सांगितलं. बाबांनी तिथंच, हमालांच्या आणि चहावाल्यांच्या मध्ये, साहेबांच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला. साहेब उंच होते, त्यांना वाकावं लागलं. त्याच वेळी शेजारच्या रुळावरून लोखंड भरलेली मालगाडी धडधडत निघाली. बाबांचे ओठ हलत होते, पण त्यांच्या शेजारी उभी असून मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मालगाडी लांबलचक होती. ती संपायच्या आत प्रार्थना संपली होती आणि साहेब सरळ उभे राहून नाक शिंकरत होते.

मग त्यांची गाडी आली, घाई झाली, डब्याच्या दारातून हात हलले, आणि फलाट रिकामा झाला. आई पुढे चालू लागली. मी बाबांना विचारलं, "काय मागितलं बाबा त्यांच्यासाठी?"

"काई मोठं नाई मागतलं," ते म्हणाले. "तिकडं लय थंडी हाय म्हनते. त्या शेवटच्या उपासनेच्या दिसी कोनी तरी साहेबाजवळ बसो म्हनलं."